मांजराच्या दातांची सोय सरकारी दवाखान्यात व्हावी

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : मांजरांच्या तोंडाच्या जुनाट आजारावर परवडणाऱ्या दरात उपचार मिळण्याबाबत



मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. घरी शिवणकाम करते. पिको-फॉल, ब्लाउज आणि जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश, असा धंदा आहे. घरात ठमी नावाची सात-आठ वर्षांची मांजरी आहे. तिला हिरड्यांचा आणि तोंडाच्या आतल्या त्वचेचा जुनाट दाह आहे. डॉक्टर बोलताना त्याला ‘स्टोमॅटायटिस’ म्हणतात. ठमीचं बरंचसं मार्गी लागलं आहे. ते लागायला जो खटाटोप करावा लागला, तो ज्यांना झेपणार नाही अशा घरांच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. पत्र खुलं यासाठी, की ही घरं आणि ही मांजरं आपल्या खात्याच्या कागदावर कुठेच नाहीत.

कुठेच नाहीत, हे मी उगाच म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी पशुगणना सुरू झाली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट, कुत्रा, ससा, इतकंच काय हत्तीसुद्धा त्या यादीत आहे. मांजर नाही. २०१९ च्या विसाव्या गणनेतही नव्हतं. गणना करायला आमच्या गल्लीत आलेल्या माणसानं समोरच्या घरातला कुत्रा लिहून घेतला आणि आमच्या उंबऱ्यावर बसलेली ठमी ओलांडून तो पुढं गेला. त्याचा काही दोष नव्हता, त्याच्याकडे रकानाच नव्हता. पण जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी औषधांची मागणी, यंत्रांची तरतूद, डॉक्टरांचं प्रशिक्षण कशाच्या आधारावर होणार? शेतकऱ्याच्या घरात धान्याच्या पोत्यांभोवती वावरणारं, उंदीर मारणारं हे जनावर पशुधन नाही म्हणून सोडून दिलं, आणि पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने शहराबाहेर फारसे आले नाहीत. तालुक्याच्या गावातलं मांजर दोन्हीकडून राहिलं.

हा आजार दिसतो कसा ते आधी सांगते, कारण माझ्या ओळखीत ज्यांच्या मांजरांना तो होता त्यांतल्या बहुतेकांना हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. मांजराला भूक असते. चिकन टाकल्याचा आवाज आला की ते धावत येतं, वास घेतं, एक तुकडा उचलतं आणि एकदम किंचाळून मागं सरतं. मान वाकडी करून तोंडावर पंजे मारतं, ताटलीकडे बघून फिस्कारतं, दाराबाहेर पळतं. थोड्या वेळानं पुन्हा येतं, पुन्हा तेच. घरची माणसं म्हणतात, नखरे सुरू झाले, शेजारच्यांकडे खाऊन आली असेल. हनुवटीखालचे केस लाळेनं चिकटून तपकिरी झालेले असतात. पाठीवरचे केस राठ होऊन त्यांच्या गाठी होतात, कारण जीभ फिरवली की दुखतं म्हणून मांजर अंग चाटायचं सोडून देतं. जांभई अर्ध्यावर थांबते. तोंडाचा वास असा असतो की मांजर खोलीत आलं की कळतं. बॅटरीच्या उजेडात तोंड उघडून पाहिलं तर जबडा जिथं मिटतो त्या मागच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना, लालभडक, सुजलेला, हात लागला तरी रक्त येईल असा भाग दिसतो. तीच या आजाराची खूण. दातांवर किटण साचून नुसत्या हिरड्या सुजणं वेगळं. ते दात साफ करून सुधारू शकतं. मागच्या कोपऱ्यांतला दाह तेवढ्यानं जात नाही.

याचं एकच असं कारण नाही. अशा बहुसंख्य मांजरांच्या तोंडात कॅलिसी विषाणू सापडतो. शिवाय दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराला शरीराची प्रतिकारशक्ती प्रमाणाबाहेर उत्तर देते, आणि त्यात तोंडाचीच होळी होते. एका घरात अनेक मांजरं असतील तर हा आजार जास्त दिसतो. एफआयव्ही (मांजरांचा ‘एड्स’ म्हणतात तो विषाणू) किंवा ल्युकेमियाचा विषाणू असेल तर मांजराची एकूण तब्येत आणि पुढचा अंदाज बदलतो, म्हणून रक्ताची ती चाचणी करून घ्यावी लागते. हे विषाणू माणसाला होत नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. ‘मांजराला एड्स झालाय’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून घराबाहेर काढलेलं मांजर मी पाहिलं आहे.

आता खर्चाचं. आमच्या भागात अशा मांजरावर ठरलेला उपचार म्हणजे लांब मुदतीच्या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन आणि जोडीला अँटिबायोटिक. एक-दोन दिवसांत मांजर खायला लागतं, घरच्यांना हायसं वाटतं. काही आठवड्यांनी लाळ पुन्हा सुरू होते. पुन्हा इंजेक्शन. पुढं पुढं एकेका इंजेक्शनचा गुण कमी दिवस टिकतो. आणि आत काय चाललंय ते कुणी बघत नाही. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडनं मांजराला मधुमेह होऊ शकतो, आणि एकदा टोचलेलं लांब मुदतीचं औषध परत काढून घेता येत नाही. गोळी निदान कमी करता येते, थांबवता येते. पाणी फार प्यायला लागलं, लघवी वाढली, खाऊनही वजन उतरू लागलं, तर ते दुखणं वेगळं असू शकतं, हे इंजेक्शन देताना सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका वेळचे चार-पाचशे रुपये फार वाटत नाहीत, म्हणून कुणी बेरीजही करत नाही. मी शिवणाच्या वहीच्या मागच्या पानावर ती केली, तेव्हा येण्या-जाण्याचं भाडं धरून वर्षाचे आठ-नऊ हजार निघाले. ऑपरेशनसाठी पुण्यात मला सांगितलेला आकडा २५ हजारांच्या आसपास होता. म्हणजे तीन वर्षांत तेवढेच पैसे जाणार, आणि तीन वर्षांनी दात तिथंच, दाह तिथंच, वर मधुमेहाची भीती. गरिबाच्या घरात औषधपाण्याचा खर्च बहुतेक असाच होतो. थोडा थोडा जातो म्हणून सोसतो, आणि एकदम लागतो तो काही उभा राहत नाही.

आमच्याकडच्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. साडेपाच वर्षांच्या पदवीत त्यांनी सगळ्या जनावरांचं शिक्षण घेतलेलं असतं, पण नोकरीत दिवस जातो तो गाभण म्हशी, अडलेल्या गाई, शेळ्यांच्या लशी आणि कृत्रिम रेतनात. मांजराच्या दाढेचं मूळ काढायला लागणारं हत्यार त्यांच्या टेबलावर नसतं. मग हातात आहे ते इंजेक्शन देऊन दुखणं थांबवणं, एवढंच त्यांच्या हाती उरतं.

या आजारावर आज सर्वांत भरवशाचा उपचार दात काढणं हाच आहे. ऐकायला क्रूर वाटतं. मलाही वाटलं होतं. मांजराला ३० दात असतात. त्यांतल्या दाढा आणि उपदाढा मिळून १४. दातच राहिले नाहीत तर जिवाणूंचा थर बसायला जागा राहत नाही, आणि प्रतिकारशक्तीला चिडायचं कारण कमी होतं. अमेरिकेत अशा ९५ मांजरांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दात काढल्यावर साधारण दोन तृतीयांश मांजरं पूर्णपणे बरी झाली किंवा त्यांच्यात ठळक सुधारणा झाली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोडाच फरक पडला, काहींना काहीच पडला नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्यासारखीच्या फार कामाची आहे. सगळेच दात काढलेली मांजरं आणि मागचेच काढलेली मांजरं, यांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. म्हणजे सुळे आणि पुढचे दात निरोगी असतील तर ते राहू देऊन आधी मागचे १४ काढता येतात. भुलीची वेळ कमी, जखमा कमी, बिलही कमी. हे मला आमच्या भागात कुणीही सांगितलं नव्हतं. ‘सगळे दात काढावे लागतील आणि खर्च झेपणार नाही’ एवढं ऐकून परत फिरलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

अडचण एक्स-रेची आहे. मांजराच्या दाताचं मूळ बारीक आणि ठिसूळ असतं, काढताना सहज मोडतं. काही मांजरांत मुळं आतल्या आत विरघळत असतात, वरून दात ठीक दिसतो. मुळाचा तुकडा हाडात राहिला तर दाह तिथं धुमसत राहतो आणि ऑपरेशन ‘लागू पडलं नाही’ असं वाटतं. म्हणून आधी आणि नंतर तोंडाच्या आत फिल्म किंवा सेन्सर ठेवून दातांचा एक्स-रे काढावा लागतो. छातीच्या मोठ्या एक्स-रेवर ही मुळं नीट दिसत नाहीत. आणि हे यंत्र काही दुर्मिळ नव्हे. माणसांच्या दातांचा डॉक्टर जे वापरतो तेच मांजरालाही चालतं. दात चिरायचं वेगानं फिरणारं हत्यारही तेच. आमच्या गावच्या बसस्थानकासमोर दातांचे दवाखाने आहेत, त्यांच्याकडे ते रोज चालतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पैसे कसे उभे केले, तेही लिहिते, म्हणजे ‘परवडणारं’ म्हणजे काय ते आपल्याला समजेल. आमचा बचत गट आहे. कर्जाचं कारण गटाच्या बैठकीत सांगावं लागतं. मुलीची फी, घराचं पत्र्याचं काम, म्हशीचा विमा, अशी कारणं असतात. मी सरळ सांगितलं की मांजराचे दात काढायचे आहेत. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गटातल्या एका वयस्क ताईंनी विचारलं, “दुखतंय ना तिला? मग घे.” कर्ज मंजूर झालं, महिन्याच्या हप्त्यानं फेडते आहे. ज्या बाईच्या गावात गट नाही किंवा ज्या गटात असं बोलायची सोय नाही, ती काय करणार? पुण्याला जाऊन-येऊन एसटीचं भाडं, आधीच्या रक्ताच्या चाचण्या, नंतरची औषधं आणि कामाचा बुडालेला दिवस हे सगळं ऑपरेशनच्या आकड्याच्या वरचं असतं. रक्ताच्या चाचण्या मात्र टाळण्यासारख्या नाहीत. मूत्रपिंड आणि साखर बघितल्याशिवाय वयस्क मांजराला भूल देणं, किंवा वेदनाशामक सुरू करणं, दोन्ही धोक्याचं.

ऑपरेशननंतर सगळं लगेच थांबत नाही. जखमा भरतात, पण मागच्या कोपऱ्यांतला लाल भाग शांत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि त्या काळात वेदनाशामक, काही मांजरांना कमी होत जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत. परदेशात मूळपेशींचे प्रयोग झाले आहेत, त्यांचा आमच्याशी संबंध यायला अजून वेळ आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचं पाकीट दोन-तीन चहांच्या पैशांत येतं. महाग आहेत त्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या. तोंडाचा फोटो पाठवून गोळी पाव करायची की अर्धी, हे फोनवर विचारता आलं असतं तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

घरी जे केलं त्यात सर्वांत उपयोगी पडलं ते वजन. आमच्या शेजारी भाजीचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की ठमीला कापडी पिशवीत घालून त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवते, पिशवीचं वजन वजा करते आणि कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत लिहिते. मांजर दुखणं लपवतं. भाजीवाल्याचा काटा लपवत नाही. दोन रविवारी लागोपाठ आकडा उतरला की ठमी कितीही नॉर्मल दिसत असली तरी तोंड उघडून बघायचं, असं आमच्या घरात ठरलं आहे. खाणं पूर्ण बंद झालं तर दोन-तीन दिवससुद्धा वाट बघू नये. उपाशी मांजराचं, त्यातही लठ्ठ मांजराचं, यकृत चरबीनं भरून ते दगावू शकतं.

खाण्याचं म्हणाल तर दूध-पोळी कुस्करून घालायची आपल्याकडची सवय अशा मांजराला पुरत नाही. ते खातं कारण चावावं लागत नाही, पण मांजर मांसाहारी आहे आणि टॉरीन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो नाही मिळाला तर हृदय आणि डोळे बिघडतात. मी चिकन आणते. हाडं काढून, मीठ-हळद-मसाला काही न घालता उकडते. कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराच्या रक्ताला विष आहे. उकडलेलं पाणी फेकत नाही, कारण टॉरीन त्या पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात मिक्सरमधून पातळसर वाटून कोमट करून देते. थंड दिलं तर वासही येत नाही आणि तोंडाला लागतंही. स्वस्त पडते म्हणून रोज कलेजी देऊ नये, तिच्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन हाडं धरतात. नुसत्या घरच्या चिकनवर मांजर वर्षानुवर्षं ठेवणंही बरं नाही, म्हणून बाजारातलं मांजरांचं संपूर्ण खाद्य भिजवून त्यात मिसळते. दात नसलेली मांजरं हे सगळं आरामात खातात. ठमी आता कोरडं खाद्यही न भिजवता गिळते, मीच तिला द्यायला बिचकते.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मला आपल्याकडून जाहीर सूचना हवी आहे, कारण इथं जीव जातात. मांजर तोंड दुखून ओरडतंय म्हणून घरातली तापाची गोळी अर्धी करून देणारी माणसं आहेत, आणि ती प्रेमानंच देतात. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. ते निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते. एका गोळीनं हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. आयबुप्रोफेनही मांजराला घातक आहे. मेलोक्झिकॅम हे वेदनाशामक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं, वजनावर मोजून देतात, पण मूत्रपिंड अधू असेल तर नाही, आणि स्टेरॉइडच्या जोडीला तर कधीच नाही. एका दवाखान्यातून स्टेरॉइड आणि दुसरीकडून वेदनाशामक आणलं की पोटात व्रण पडायला वेळ लागत नाही. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी कोरडी गिळवली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून ती आतून पोळते आणि पुढं नळी आवळते, म्हणून तिच्यामागून सिरिंजनं थोडं पाणी किंवा एक घास पातळ खाणं द्यायचंच. यातलं एकही वाक्य कुठल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं मी पाहिलं नाही. गुरांच्या फऱ्या आणि घटसर्पाची माहिती मात्र लिहिलेली आहे, आणि ती वाचूनच आमच्याकडे लोक पावसाळ्याआधी लस टोचून घेतात. म्हणजे भिंतीवरचं वाचलं जातं.

ज्यांना यातलं काही झेपत नाही ते काय करतात, तेही आपल्याला ठाऊक असावं. ते मांजराला पोत्यात घालून मासळी बाजारात किंवा खाटकाच्या दुकानामागं सोडून येतात. तिथं खायला मिळेल, ही भावना असते. ज्या मांजराला एक घास चावता येत नाही त्याच्यासाठी ते भरल्या ताटापुढचं उपासमारीचं मरण आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ३ मध्ये सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या सुस्थितीसाठी आणि त्याला नाहक वेदना होऊ नयेत यासाठी वाजवी ते सर्व उपाय करायला हवेत. कायदा योग्य आहे. पण ‘वाजवी’ या शब्दात काय काय बसतं हे गावागणिक बदलतं, आणि ते वाढवणं आपल्या हातात आहे.

आपलं खातं मनावर घेतं तेव्हा काय करू शकतं ते आम्ही २०२२ मध्ये पाहिलं. लम्पी आला तेव्हा राज्यभर गाई-बैलांना मोफत लस टोचली गेली, आमच्या गल्लीतल्या गोठ्यापर्यंत माणसं आली. गाय आधी, हे मला मान्य आहे. शेतकऱ्याचं घर तिच्यावर चालतं. मी मागते आहे ते तिच्या वाट्यातलं काढून नको, आणि फार मोठंही नाही.

महाराष्ट्रात सहा महसुली विभाग आहेत. प्रत्येक विभागात निदान एका सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात दातांचं एक्स-रे यंत्र, दंतशस्त्रक्रियेची हत्यारं आणि ती चालवायला शिकलेला एक डॉक्टर असावा. आठवड्यातला एक वार मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडासाठी ठेवावा. शिकवायला दूर जायला नको. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथंही महाविद्यालयं आहेत आणि शल्यचिकित्सेचे विभाग आहेत. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा कारभार वेगळा आहे हे मला माहीत आहे, पण आयुक्तालयानं मागणी केली तर पशुधन विकास अधिकाऱ्यांसाठी दंतोपचाराचं छोटं प्रशिक्षण तिथं सुरू होऊ शकतं.

दर ठरलेला आणि फलकावर लिहिलेला असावा. फुकट नको. माझ्यासारख्यांना आकडा आधी कळला तर भिशी लावता येते, गटात मागणी करता येते, बोनसची वाट बघता येते. आकडाच माहीत नसेल तर माणूस विचारायलाही जात नाही. मागचेच दात काढण्याचा दर आणि सगळे काढण्याचा दर वेगवेगळा लिहावा, म्हणजे हा पर्याय आहे हे लोकांना कळेल. पैसे दोन-तीन हप्त्यांत घेता आले तर अजून बरं.

तालुक्याच्या दवाखान्याकडे यंत्र नसलं तरी चालेल. तिथल्या डॉक्टरांनी तोंड बघावं, फोटो काढावा आणि विभागाच्या रुग्णालयातल्या माणसाला पाठवावा, मग ठरवावं की या मांजराला पाठवायचं की गोळ्यांवर ठेवायचं. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या फोन क्रमांकावर बसणाऱ्यांच्या यादीत ‘मांजर खात नाही, लाळ गळते’ ही तक्रार असावी आणि तिचं उत्तर ‘लवकर दाखवा’ हे असावं. लहान पिल्लांना विषाणूंची तिहेरी लस सरकारी दवाखान्यात मिळावी. तिनं कॅलिसी पूर्ण टळत नाही, पण त्याचा जोर कमी होतो. आणि पुढच्या पशुगणनेत एक रकाना वाढवावा, अशी शिफारस आपण केंद्राकडे पाठवावी.

यांतलं काही होईपर्यंत एक काम या महिन्यातच होऊ शकतं. ते म्हणजे एका पानाचं मराठी पत्रक. आजार कसा ओळखायचा, कोणती गोळी कधीही द्यायची नाही, किती उपास म्हणजे धोका, आणि मांजर सोडून देऊ नका. त्याचा मसुदा मी या पत्रासोबत जोडला आहे. त्यातल्या वैद्यकीय बाबी आपल्या तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त कराव्यात. छपाईचा खर्च अडत असेल तर आमच्या तालुक्यापुरत्या प्रती आमचा बचत गट काढून देईल. दवाखान्याच्या भिंतीवर लावायची परवानगी तेवढी आपण लेखी द्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
ठमीच्या घरची, जि. अहिल्यानगर